तू परत पाठवलेली मतं

विशाखा,

काल दुपारी सोफ्यावर पडल्या पडल्या डोळा लागला आणि तू आलीस. शाळेचं जिम होतं, जमिनीवर बास्केटबॉलच्या रेषा मारलेलं. मतदानाच्या घडीच्या टेबलामागे तू बसली होतीस आणि शेजारी तुझी ती डोना. खिडक्या खूप उंचावर होत्या, त्यातून येणारा उजेड खाली पोचतच नव्हता, वरच्या वर तरंगत होता. रांगेत मी एकटीच. तुझ्यासमोर येऊन उभी राहिले तर ओळख दाखवायची सोडून तू चष्मा नाकावर ओढलास आणि विचारलंस, "कुठल्या पक्षाची?"

मी म्हटलं, "अगं, मी सुमेधा."

"ते दिसून राहिलं मला. पक्ष सांग."

तेवढ्यात जाग आली. बाहेर शेजाऱ्याचं गवत कापायचं यंत्र घरघरत होतं. मी आधी हसले आणि मग बराच वेळ रडत बसले.

तुला जाऊन अजून महिनाही झाला नाही. तुझ्याबद्दल बोलताना माझ्या तोंडून अजून 'विशाखा म्हणते' असंच निघतं, 'म्हणायची' येतच नाही. नवरा ते ऐकतो आणि चहा टाकायला उठतो. तुमच्या वेस्ट विंडसरच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर लोकांनी तुझ्याबद्दल खूप लिहिलं. तुझं शिक्षण, तुझी नोकरी, तुझी रांगोळी, तुझा हसरा चेहरा. सगळं खरं आहे, पण वाचताना मला वाटत राहिलं की या बाईला मी ओळखत नाही. मी ओळखते ती बाई हसरी कमी आणि भांडकुदळ जास्त होती. आणि तिने माझ्याशी चाललेलं भांडण अर्ध्यावर टाकून दिलं, हे मला अजून पटलेलं नाही.

आपलं भांडण कशावरून होतं हे कुणाला सांगायला गेलं तर लोक आधी अवघडतात. सासू, पैसा, नवरा, असलं काही असेल म्हणून कान देतात आणि निघते प्रायमरी. म्हणजे शरद ऋतूतली मोठी निवडणूक नव्हे, त्याच्या आधी जूनमध्ये प्रत्येक पक्ष आपापला उमेदवार निवडतो ती. तुमच्या न्यू जर्सीत तिचं दार बंद. ज्या पक्षात नाव नोंदवलंय त्याच पक्षात मत द्यायचं. ज्याने नाव कुठेच नोंदवलेलं नाही त्याने टेबलासमोर उभं राहून त्या दिवशी एका पक्षाचं व्हायचं. आणि दुसऱ्या पक्षातून इकडे यायचं असेल तर कित्येक आठवडे आधी नोंद बदलायची. आमच्या व्हर्जिनियात नोंदच नाही. कुणीही यावं, कुठल्या पक्षाची मतपत्रिका हवी ते सांगावं, मत देऊन घरी जावं. बस, एवढ्यावर आपण दोघी वर्षानुवर्षं भांडलो.

मी म्हणायचे, दार उघडं ठेवलं की मधली माणसं आत येतात. मग नुसता आरडाओरडा करणारा उमेदवार निघत नाही, चार लोकांना चालेल असा कुणीतरी निघतो. तू म्हणायचीस, "तुझ्या घरी पोरीचं लग्न निघालं तर जावई काय शेजाऱ्यांना विचारून ठरवशील?"

"जावई सगळ्या गल्लीवर राज्य करणार असेल तर विचारायलाच हवं."

"बाप्पा! आणि शेजाऱ्यांनी मुद्दाम बावळट जावई पसंत केला तर? त्यांच्या पोरीचा नवरा उठून दिसावा म्हणून?"

मग मी तुझ्या नागपुरी हेलाची नक्कल करायचे आणि तू फोन ठेवून द्यायचीस. अर्ध्या तासात परत फोन, एखादा लेख पाठवल्याची वर्दी द्यायला. तू पाठवलेले लेख मी वाचायचे नाही आणि मी पाठवलेले तू. एकदा तर आपण दोघींनी एकमेकींना एकाच दिवशी एकच लेख पाठवला, दोघींनीही 'बघ, मी सांगत नव्हते?' असं वर लिहून. नंतर मी तो नीट वाचला. त्यात लिहिलं होतं की दार उघडं असो की बंद, फरक पडतो तो वाटतो त्यापेक्षा थोडाच, आणि कधी कधी उलटाच. हे मी तुला सांगितलं नाही. तूही मला सांगितलं नाहीस, म्हणजे तूही वाचलाच असणार.

तुझा पक्ष कुठला ते मी इथे लिहिणार नाही. लिहिलं की वाचणाऱ्यांतले निम्मे तुझ्यावर नको तितके खूश होतील आणि निम्मे उठून जातील. तुला दोन्ही आवडलं नसतं.

तुझं टेबल मात्र सगळ्यांना माहीत असू दे. तुमच्याकडे मतदानाच्या टेबलावर दोन्ही पक्षांची माणसं शेजारी शेजारी बसवतात, एकाने दुसऱ्यावर लक्ष ठेवावं म्हणून. तुझ्या पक्षाकडून तू, समोरच्या पक्षाकडून डोना. दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर उभा जन्म काढलेली, उंच, पांढऱ्या केसांची डोना. एकमेकींवर लक्ष ठेवायला बसवलेल्या तुम्ही दोघी दिवसभर एकमेकींचे डबे संपवत होतात. ती केळ्याचा ब्रेड आणायची आणि तू शंकरपाळे. मी एकदा तुझ्याकडे आले असताना मुद्दाम बघायला आले होते. तू मतदाराचं नाव शोधताना असा चेहरा करून बसली होतीस की जणू देवाच्या दारात पादत्राणं सांभाळायचं काम तुझ्याकडे दिलंय. एखाद्या बिननोंदीच्या माणसाला 'कुठला पक्ष?' असं विचारलं की तो गडबडायचा. कुणी लाजून हळूच सांगायचं. ते क्षण तुला फार आवडायचे. "माणसानं एकदा तरी तोंडानं सांगावं न, मी कुणाचा ते," असं तू घरी जाताना गाडीतून फोनवर म्हणायचीस. मी म्हणायचे, मी या वर्षी समोरच्या पक्षाची मतपत्रिका मागणार आहे, त्यांच्यातला तो भयंकर माणूस पडावा म्हणून. तू म्हणायचीस, "पाहुणी आहेस तू. कुठल्याच घरची नाही."

मंडळातला तो प्रयोग आठवतो का गं? मी तेव्हा अजून न्यू जर्सीतच होते. जुने लोक आणि नवे लोक असे दोन तट पडले होते. जुने म्हणजे घरं घेतलेले, नवे म्हणजे व्हिसावरचे आणि विद्यार्थी. दोन्ही तटांनी आपापल्यात बसून अध्यक्षपदाचे उमेदवार ठरवले, आणि दोन्हीकडून जो सगळ्यात मोठ्याने बोलतो तोच पुढे आला. त्या वर्षी गणपतीत शाळेच्या एकाच कॅफेटेरियात दोन आरत्या एकाच वेळी चालू होत्या. मग मी हट्ट धरला की पुढच्या वर्षी सगळ्यांनी मिळून सगळ्यांतून निवडायचं. निवडून आले शिरीषराव. कुणाच्याच डोळ्यांत न खुपणारे. मोदक उकडीचे की तळणीचे, असा प्रश्न आला. शिरीषराव दोन्ही बाजूंना गोड हसून म्हणाले, "आपल्याला हवे ते आणा." जुन्यांना वाटलं नवे आणतील आणि नव्यांना वाटलं जुने आणतील. ऐन नैवेद्याच्या वेळी एकही मोदक नव्हता. कुणीतरी पळत जाऊन इंडियन ग्रोसरीतून पेढ्यांचा खोका आणला आणि त्यावरची किमतीची चिकटपट्टी तशीच राहिली.

तू आरतीच्या घोळक्यातून माझ्या कानाशी आलीस. "खा आता तुझा मॉडरेट," म्हणालीस. मला इतकं हसू आलं की मला बाहेर पार्किंगमध्ये जावं लागलं. तिथे तूही आलीस मागोमाग आणि आपण दोघी कुणाच्या तरी गाडीला टेकून डोळे पुसत उभ्या राहिलो.

असं तुझ्याशी भांडायला मिळालं, यासाठी मी कुणाचे आभार मानू ते कळत नाही. इथे व्हर्जिनियात, अ‍ॅशबर्नमध्ये माझ्या ओळखीची खूप माणसं आहेत. ती सगळी माझ्याशी चांगलं वागतात. पण माझं चुकतंय असं तोंडावर सांगणारं कुणी उरलं नाही.

मग गेल्या वर्षी अन्वी उभी राहिली.

तुझी लेक अन्वी, जी लहानपणी आपण भांडायला लागलो की टेबलाखाली जाऊन कानांवर उशी धरायची. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कारभारातल्या एका जागेसाठी तिने तुझ्याच पक्षाची उमेदवारी मागितली. मी आठवडाभर राहायला आले होते, तिच्याबरोबर प्रचारासाठी दारं ठोठावायला. ती वसंतातली उन्हं मला अजून अर्धवट झोपेत दिसतात. चेरीच्या पाकळ्या फुटपाथवर पडलेल्या, अन्वी पुढे, मी मागे पाण्याची बाटली घेऊन. ती दारात उभी राहून शांतपणे बोलायची. शाळा, बस, पूर आला की तुंबणारा तो रस्ता. लोक ऐकून घ्यायचे. पक्षातच तिच्या विरोधात उभा होता तो माणूस मात्र दर सभेत गरजायचा आणि पक्षाच्या बैठकीत टाळ्या त्यालाच पडायच्या. आणि दारोदारी आम्हाला एकच ऐकू येत होतं. "आवडली आम्हाला ही मुलगी. पण आमची नोंद पलीकडच्या पक्षात आहे."

संध्याकाळी मी तुला स्वयंपाकघरात गाठलं. तू मेथी निवडत होतीस. मी म्हटलं, "अजून मुदत आहे. त्या लोकांना नोंद बदलायला सांग. कायद्यात बसतं, कुणी चुकीचं म्हणणार नाही."

"नाही."

"तू नको, मी सांगते."

"तूही नाही. उसने मतदार आणायचे नाहीत माझ्या घरात."

"अगं, स्वतःच्या पोरीसाठीसुद्धा नाही?"

"नाही म्हटलं न सुमे."

तू मेथीवरून मान वर केली नाहीस. बाहेरच्या खोलीत अन्वी होती. तिने ऐकलं. ती उठून वर निघून गेल्याचा आवाज आपण दोघींनी ऐकला. तू भाजी फोडणीला टाकलीस.

जूनमध्ये अन्वी थोडक्यात पडली. लेक मतपत्रिकेवर म्हणून त्या वर्षी तू टेबलावर बसली नव्हतीस, डोनाच्या शेजारी दुसरंच कुणीतरी होतं. त्या दिवशी तुझा फोन आला नाही. मी केला तर तू उचललास आणि माझ्या गुडघ्याची चौकशी केलीस. त्यानंतर आपण प्रायमरीबद्दल एक अक्षर बोललो नाही. गुडघा, लोणच्याचा मसाला, तुझं बीपी. नोव्हेंबरात तुझ्या पक्षाचा तो गरजणारा माणूस हरला आणि डोनाच्या पक्षाचा एक सौम्य, थोडासा कंटाळवाणा गृहस्थ निवडून आला. तू फोनवर एवढंच म्हणालीस, "बरा आहे माणूस." मी म्हटलं, "हं." आपल्या इतक्या वर्षांच्या भांडणात एवढं गुळमुळीत आपण कधी बोललो नव्हतो.

मग या वसंतात तू बागेत ट्यूलिपचे कोंब बघायला गेलीस, तिथेच बसलीस आणि उठली नाहीस, एवढंच मला कळलं.

तुझ्या घरी सगळे जमले होते त्या दुपारी डोना आली. हातात फॉइलमध्ये गुंडाळलेला केळ्याचा ब्रेड. चपला कुठे काढायच्या ते तिला ठाऊक होतं. ती माझ्या शेजारी बसली आणि हळू आवाजात सांगायला लागली. गेल्या वसंतात ती आणि तिच्या चर्चमधल्या मैत्रिणी नोंद बदलायला निघाल्या होत्या. अन्वीसाठी. मी राहायला येण्याच्या आदल्या आठवड्यात ती आधी तुला सांगायला आली, तुला खूश करायला. तू तिला आत बोलावलंस, तिचे दोन्ही हात हातात धरलेस आणि नको म्हणालीस.

"मला राग आला," डोना म्हणाली. "मी तिच्या मुलीसाठी माझा पक्ष सोडायला तयार होते आणि ती मला परत पाठवत होती. मी विचारलं, का? तर म्हणाली, डोना, तुम्ही सगळ्या इकडे आलात तर तिकडे शहाणं कोण उरेल? तिकडे जाऊन त्या भल्या माणसाला मत द्या."

त्या तिकडेच राहिल्या. त्यांनी त्या कंटाळवाण्या गृहस्थाला मत दिलं. तोही आपल्या पक्षाच्या प्रायमरीत थोडक्यातच जिंकला होता. डोना एवढं बोलली आणि ब्रेडवरचं फॉइल सरळ करत बसली. मी तिला पाणी आणून दिलं.

मी तिथे बसून राहिले, विशाखा, आणि मला तुझा इतका राग आला की फोटोतल्या तुझ्याकडे बघवेना. मला का नाही सांगितलंस? मी वाद हरले असते म्हणून? की तुला स्वतःलाच खात्री नव्हती? मेथी निवडत होतीस तेव्हा डोना येऊन गेलेली होती. तू लेकीच्या वाट्याची मतं आधीच परत पाठवली होतीस, आणि मी तुला तत्त्वांवरून टोमणे मारत होते. तुझा चेहरा कसा होता? मी तेव्हा नीट बघितलं नाही.

त्यानंतर अन्वीचा फोन आला. घर आवरायला ये म्हणाली. सांगता सांगता म्हणाली, पक्षाची माणसं पुन्हा उभी राहा म्हणून मागे लागली आहेत. तिला नको आहे. "लोकांना काय सांगू मावशी? माझ्या आईलाच वाटत नव्हतं मी जिंकावं. आय हर्ड हर."

अ‍ॅशबर्नहून तुझ्याकडे येताना डेलावेअरच्या पुलावर धुकं होतं. पाणी दिसत नव्हतं, पुढचा रस्ता दिसत नव्हता, गाडी ढगातून चालल्यागत चालली होती. तू शेजारच्या सीटवर बसली होतीस, नेहमीसारखी चपला काढून, मांडी घालून. मी तुला विचारत होते, सांगू का गं पोरीला? नाही सांगितलं तर आईचा आपल्यावर विश्वास नव्हता असं ती जन्मभर धरून बसेल. सांगितलं तर आईने आपल्या हाताने मतं परत पाठवली हे तिला कळेल. यातलं कमी दुखणारं कुठलं? तू खिडकीबाहेर बघत होतीस. पूल संपला, ऊन आलं आणि सीटवर माझी पर्स होती.

तुझ्या स्वयंपाकघरात आम्ही डबे रिकामे करत होतो. अन्वी गोडा मसाल्याचा डबा हातात धरून नुसती उभी होती, वास घेत. मी तिला सगळं सांगितलं. डोनाचं, चर्चमधल्या बायकांचं, तू धरलेल्या हातांचं. लपवाछपवी मला जमत नाही, तुला माहीत आहे.

अन्वीने डबा पोटाशी धरला. मग म्हणाली, "तेवढ्या मतांनी मी जिंकले असते?"

"कदाचित."

"कदाचित ऑर येस?"

"मला खरंच माहीत नाही, राणी. पण तू जिंकू नयेस असं तिला वाटत नव्हतं. तिला दोन्हीकडे बरी माणसं उभी राहायला हवी होती. तुझी बाजू तुझ्यावर सोपवून ती पलीकडची बघत होती."

ती ओट्याला टेकून खाली फरशीवर बसली. मला वाटलं आता रडेल. पण ती हसायला लागली, तुझ्यासारखी, आवाज न करता, खांदे हलवत. मग खरंच रडली. मी तिच्या शेजारी बसले, गुडघ्याची पर्वा न करता.

"मावशी, एक सांगू?" ती म्हणाली. "नोव्हेंबरमध्ये मी त्यालाच व्होट दिलं. डोनाआंटीच्या माणसाला. आमचा तो जे बोलत होता ना सभेत, लोकांबद्दल, आय जस्ट कुडन्ट. आणि आईला नाही सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, पार्टीला चीट केलंस. शी वुड नेव्हर फर्गिव्ह मी."

कळलं का तुला, विशाखा? ज्या माणसाला मत द्यायला तू डोनाला परत पाठवलंस, तो तिथे उभा होता म्हणून तुझ्या लेकीला मत द्यायला कुणीतरी मिळालं. आणि तुम्ही दोघी एकाच टेबलावर समोरासमोर बसून, तोंडं शिवून, हिवाळाभर वरणभात जेवत होतात.

मी तिला म्हटलं, "नसती रागावली." हे मी तुझ्या वतीने बोलले. चुकलं असेल तर पुन्हा दुपारी येऊन सांग.

अन्वीने ओढणीने नाक पुसलं आणि डब्याचं झाकण लावलं. "पुढच्या वेळी त्याची सीट इलेक्शनला येईल तेव्हा मी उभी राहीन," म्हणाली. "त्याच्या अगेन्स्ट. फेअर फाइट होईल. तू येशील ना डोअर्स करायला?"

मी येईन म्हटलं.

"आणि मावशी, डोनाआंटीला फोन कर. तिला सांग, प्लीज, माझ्यासाठी पार्टी स्विच करू नको. तिकडेच राहा."